विमानातला वास आणि आपले नाक

एस.टी.मध्ये शेजाऱ्याच्या पिशवीतील सुक्या बोंबलांचा वास असह्य झाला, तर आपण खिडकीची काच सरकवतो. विमानात ही सोय नाही. सुमारे १० किलोमीटर उंचीवर बाहेरची हवा अतिशय विरळ आणि शून्याखाली ५० अंश सेल्सियसइतकी थंड असते. मग करायचे काय?

पुण्याहून दिल्लीला जाताना माझ्यावर असाच प्रसंग आला. विमान सुटताच शेजारच्या गृहस्थांनी बूट काढले. मी नाकाला रुमाल लावला, कपाळाला आठ्या घातल्या. त्यांनी मात्र डोक्यावरची हवेची तोटी शांतपणे उघडली आणि माझ्याकडे पाहून हसले. त्या हसण्याचा अर्थ मला दिल्लीत कळला. घ्यायला आलेला भाचा माझी पिशवी हातात घेताच म्हणाला, "मामा, लसणाची चटणी आणलीत वाटतं!" तो डबा दोन तास माझ्या पायाशी होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

असे का झाले, ते आता क्रमाने पाहू.

वास नाकापर्यंत कसा येतो?

वास म्हणजे पदार्थापासून सुटलेले रेणू. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. त्वचेवरील जीवाणू घामातील द्रव्यांचे विघटन करतात, तेव्हा आयसोव्हॅलेरिक आम्लासारखी वासाची संयुगे तयार होतात. मोज्यातील वास मुख्यतः या आम्लाचा. हे रेणू वेगवान असले, तरी हवेच्या रेणूंवर सतत आदळत राहतात. त्यामुळे केवळ विसरणाने एक मीटर अंतर जायला त्यांना दहा-बारा तासही लागतील! प्रत्यक्षात वास वाहून आणते ती हलणारी हवा. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॉटच्या दिव्याइतकी उष्णता देतो. अंगाभोवतीची हवा तापून वर चढते आणि पायाजवळचा वास नाकाशी आणते.

गाळणी असूनही वास का?

विमानात हवा वरून येते आणि जमिनीलगतच्या फटींतून बाहेर जाते. साधारण निम्मी हवा बाहेरून घेतलेली असते आणि निम्मी गाळून पुन्हा सोडलेली. दोन-तीन मिनिटांत सारी हवा बदलते. 'हेपा' नावाची गाळणी ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवते, म्हणून जंतूही अडकतात. पण वासाचे रेणू याहून शेकडो पटींनी लहान. ते खुशाल पार होतात. त्यांना पकडायला क्रियाशील कोळसा लागतो. त्याच्या असंख्य छिद्रांच्या पृष्ठभागावर रेणू चिकटून राहतात.

बॉइलचा नियम पोटातही

विमानातील हवेचा दाब फार तर २४०० मीटर उंचीवरच्या दाबाइतका उतरू देतात. आपले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर आहे, हे लक्षात घ्या. म्हणजे दाब जमिनीवरच्या पाऊणपट होतो आणि बॉइलच्या नियमानुसार वायूचे आकारमान सुमारे एक-तृतीयांशाने वाढते. चिवड्याचे बंद पाकीट विमानात टम्म फुगते ते यामुळेच. जे पाकिटाचे, तेच आतड्यातील वायूचे. हसू नका, हा वायू रोखून धरणे त्रासदायक असते. त्याचा बहुतेक भाग गंधहीन असतो. वास येतो तो गंधकाच्या संयुगांच्या अत्यल्प अंशाचा. २०१३ साली न्यूझीलंडच्या एका वैद्यकीय नियतकालिकात काही डॉक्टरांनी याच विषयावर लेख लिहिला आणि आसनांच्या गाद्यांत क्रियाशील कोळसा घालावा, असे सुचवले!

ज्याचा वास, त्यालाच ठाऊक नसतो

एकच वास सतत येत राहिला, की काही मिनिटांत नाकाला त्याची सवय होते आणि तो जाणवेनासा होतो. म्हणून मला माझी चटणी कळली नाही आणि त्या गृहस्थांना त्यांचे मोजे. काहींचा तर इलाजच नसतो. एका दुर्मिळ आनुवंशिक विकारात शरीराला ट्रायमिथाइलअमिन या संयुगाचे विघटन करता येत नाही, आणि कितीही आंघोळ केली तरी अंगाला माशासारखा वास येतो. अशा माणसासमोर नाक दाबणे म्हणजे लंगड्या माणसाच्या चालण्याला हसणे होय.

मग करावे काय?

प्रथम वरची तोटी उघडावी आणि हवेचा झोत आपल्या चेहऱ्यासमोरून खाली सोडावा. वर चढणारी हवा त्याने पांगते. अत्तर मात्र फवारू नये. त्याने आधीचे रेणू नाहीसे होत नाहीत, नव्यांची भर पडते. शिवाय जवळपास एखादा दम्याचा रोगी असू शकतो. त्रास फारच झाला, तर विमानातील कर्मचाऱ्यांना हळू आवाजात दुसरी जागा मागावी. परस्पर जागा बदलू नये, कारण लहान विमानात वजनाचा समतोल सांभाळावा लागतो. शेजाऱ्याशी बोलावेच लागले, तर "तुमच्या पायांना वास येतो" असे न म्हणता "मला जरा त्रास होतोय, बूट घालता का?" एवढेच म्हणावे. आणि घरून निघताना धुतलेले मोजे घालावेत.

शेवटी एक प्रयोग. दार-खिडक्या लावून चिरलेल्या कांद्याजवळ दहा मिनिटे वाचत बसा. वास येतो का, ते वहीत लिहा. मग बाहेरून धाकट्या भावंडाला आत बोलवा आणि त्यालाही तेच विचारा. दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी लिहिलीत, की आपल्या वासाबद्दल आपल्याच नाकाची साक्ष का धरू नये, हे तुम्हांला पटेल. मी आता प्रवासाला निघताना पिशवी आधी घरच्यांच्या नाकाशी धरतो.