औषध कोणतं होतं?

शुक्रवारची रात्र. आठवड्याचा शेवटचा मेल गेलेला, फोन सायलेंटवर, हातात कॉफीचा मग आणि मांडीवर रहस्यकथा. माझा वीकएंड असाच सुरू होतो. गेले काही महिने मला एका भलत्याच प्रकाराचं व्यसन लागलंय, ते म्हणजे आमिश खेड्यातल्या मर्डर मिस्ट्रीज!

आमिश म्हणजे अमेरिकेत पेनसिल्वेनिया, ओहायो वगैरे भागात राहणारा एक ख्रिस्ती पंथ. घोडागाडीतून फिरणारा, घरात विजेची लाइन न घेणारा, कोर्टकचेरीपासून चार हात लांब राहणारा. हॅरिसन फोर्डचा १९८५ सालचा 'विटनेस' पाहिला असेल तर चटकन लक्षात येईल. या कथांचा फॉर्म्युला ठरलेला असतो. इवलंसं गाव, एक संशयास्पद मृत्यू, आणि बाहेरच्यांशी एक शब्द न बोलणारी माणसं. मग गावातलीच कुणी बेकरीवाली किंवा गोधड्या शिवणारी बाई हौसेने तपासाला लागते. शेवटच्या पानावर खुनी सापडतो आणि आपण निवांत झोपतो.

"आपल्याकडे असं काही घडलंय का गं?" एका मैत्रिणीने विचारलं. माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "यवतमाळ."

तिला वाटलं, मी शेतकरी आत्महत्यांबद्दल बोलतेय. नाहीतर पांढरकवड्याच्या त्या अवनी वाघिणीबद्दल. दोन्ही नाही. मी बोलत होते २०१७ सालच्या पावसाळ्याबद्दल.

मृत्यू एक नव्हे

कापूस म्हटला की यवतमाळ. काळी जमीन, पावसावरची शेती आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पऱ्हाटी. २०१७ च्या जुलैपासून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत या जिल्ह्यातली माणसं शेतात फवारणी करता करता कोसळायला लागली. मळमळ, उलट्या, डोळ्यांची आग, शुद्ध हरपणं. काहींना काही दिवस चक्क दिसेनासंच झालं. आठशेहून जास्त माणसं हॉस्पिटलमध्ये दाखल झाली. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय भरून गेलं. एकट्या या जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं दगावली.

लक्षात घ्या, यातल्या कुणीही जीव द्यायला विष घेतलेलं नव्हतं. ती कामावर गेली होती. तुम्ही-आम्ही लॅपटॉप उघडतो तसा त्यांनी पाठीवर पंप चढवला होता, एवढंच. आणि यातले बरेच जण तर शेतमालकही नव्हते. दुसऱ्याच्या शेतात रोजीनं फवारा मारणारे मजूर होते ते. ना नावावर सातबारा, ना खरेदीची पावती.

संशयित नंबर एक, दोन, तीन...

रहस्यकथा वाचणाऱ्याला पहिली सवय लागते ती संशयितांची यादी करायची. मीही केली.

पहिला संशयित, गुलाबी बोंडअळी. बीटी कापूस भारतात २००२ साली आला आणि बोंडअळीचा प्रश्न मिटला असं वाटलं. पण अळी शिकत गेली. बीटीचं विष पचवणारी गुलाबी बोंडअळी त्या वर्षी जोरात होती. म्हणून फवारण्या वाढल्या.

दुसरा, पऱ्हाटी स्वतःच. त्या हंगामात झाडं डोक्याच्या वर गेली होती. एरवी फवारा कमरेखाली पडतो. झाड उंच असलं की नोझल वर धरावं लागतं आणि तुषार तोंडावर, छातीवर, पाठीवर येतो. त्यात दमट उकाडा आणि घामाने भिजलेला शर्ट. अशा अंगातून विष झपाट्याने आत शिरतं.

तिसरा, बॅटरीवर चालणारा पंप. हाताच्या पंपापेक्षा वेग जास्त आणि तुषार बारीक. काम लवकर उरकतं, पण श्वासातून जास्त औषध आत जातं.

चौथा, कॉकटेल. दोन-तीन कीटकनाशकं आणि वर झाड वाढवायचं टॉनिक, सगळं एकाच टाकीत.

पाचवा, नसलेला मास्क. चर्चा सर्वात जास्त झाली ती याची! गॉगल घातला नाही, हातमोजे घातले नाहीत, लेबल वाचलं नाही. थोडक्यात काय, तर मेलेल्याचीच चूक. सप्टेंबरच्या उन्हात पाठीवर भरलेला पंप घेऊन, अंगात रेनकोटसारखा सूट घालून एक तास चालून बघा, मग बोलू.

शासनाने ऑक्टोबर २०१७ मध्ये अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं. मृतांच्या वारसांना २ लाख रुपयांची मदत जाहीर झाली. नोव्हेंबरात यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलडाणा आणि वाशीम या जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी आली. त्यात मोनोक्रोटोफॉस होतं, अॅसिफेट होतं, डायफेन्थ्युरॉन होतं आणि दोन मिश्रणंही होती.

नावं वाचून बोबडी वळते ना? पण खरी गोष्ट या नावांतच आहे.

विषालाही नाव लागतं

गावात कीटकनाशकाला कुणी विष म्हणत नाही. 'औषध' म्हणतात. पऱ्हाटीवर औषध मारायचं, कृषी केंद्रातून औषध आणायचं. गेल्या सप्टेंबरात मी घाटंजीच्या रस्त्यावर एका शेताच्या बांधावर थांबले होते. एक मावशी टाकीत पाणी ओतत होत्या. कुठलं औषध मारताय, असं विचारलं, तर त्या हसल्या. "नाव कोन वाचते बाई? हिरव्या झाकनाचं म्हनलं का दुकानदार बराबर देते."

मलाही हसू आलं. मग डॉक्टरांच्या बाजूने विचार केला आणि हसू विरलं.

समजा, अशी एक बाई बेशुद्ध होऊन कॅज्युअल्टीत आली. मोनोक्रोटोफॉससारखं ऑर्गॅनोफॉस्फेट असेल, तर ते शरीरातल्या कोलिनेस्टरेज या एन्झाइमला निकामी करतं. तोंडाला फेस येतो, बाहुल्या बारीक होतात, श्वास कोंडतो. त्यावर अॅट्रोपिन चालतं. पण डायफेन्थ्युरॉन वेगळ्या कुळातलं. ते पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या यंत्रणेवरच घाला घालतं, आणि त्याला ठरावीक असा उतारा नाही. लक्षणं बघत उपचार करत राहायचं, बस. आणि दोन्ही एकाच टाकीत असतील तर? डॉक्टरने कशाच्या भरवशावर ठरवायचं? रक्तातलं कोलिनेस्टरेज मोजलं तर निदान दिशा तरी कळते. त्या हंगामात यवतमाळच्या हॉस्पिटलमध्ये या साध्या तपासणीचीही सोय नव्हती.

म्हणजे रहस्यकथेतला 'खुनी कोण' हा प्रश्न इथे नंतरचा. आधीचा प्रश्न एकच. औषध कोणतं होतं? याचं उत्तर नसेल तर जिवंत माणसाला नीट उपचार मिळत नाहीत आणि मेलेल्या माणसाला न्याय मिळत नाही.

हौशी डिटेक्टिव्ह

आमिश गावात लोक गप्प बसतात ते धर्मामुळे. यवतमाळच्या गावात गप्प बसतात ते उधारीमुळे. बियाणं, खत, औषध, सगळं एकाच कृषी केंद्रातून, पुष्कळदा उधारीवर. पुढच्या हंगामातही त्याच दारात उभं राहायचंय. मग दुकानदाराने अमुक डबा दिला होता, हे पोलिसांसमोर कोण सांगणार?

म्हणूनच तपास आतल्याच माणसांना करावा लागला. जिल्ह्यातले शेतकरी कार्यकर्ते देवानंद पवार आणि त्यांचे सहकारी बाधित कुटुंबांपर्यंत गेले. त्यातून विषबाधा झालेल्यांची एक संघटना उभी राहिली. नाव जरा लांबलचक आहे, 'महाराष्ट्र असोसिएशन ऑफ पेस्टिसाइड पॉयझन्ड पर्सन्स'. सोबतीला कीटकनाशकांवर काम करणारी 'पॅन इंडिया' ही संस्था आली. यांच्यात कुणी फॉरेन्सिक एक्स्पर्ट नव्हता की निवृत्त इन्स्पेक्टर नव्हता. घरोघरी जायचं, दवाखान्याचा कागद बघायचा, कोणत्या दिवशी कुणाच्या शेतात काय मारलं ते विचारायचं. कंटाळवाणं काम! सिनेमात हा भाग तीस सेकंदांत गाणं लावून संपवतात.

पण एक धागा हाती लागला. विषबाधेची केस हॉस्पिटलमध्ये आली की पोलिसांना कळवावं लागतं. माणूस दगावला तर मर्ग दाखल होतो, पंचनामा होतो. या सरकारी कागदांमध्ये अनेक ठिकाणी वापरलेल्या औषधाचं नाव टिपलेलं होतं. कुणा हवालदाराने रुटीन म्हणून लिहिलेली एक ओळ. तीच पुढे पुरावा ठरणार होती.

हे कागद मिळवून, एकेक नोंद तपासून त्यांची यादी झाली. त्यातल्या ९६ केसेसमध्ये 'पोलो' हे नाव आढळलं. ९६ पैकी दोघांचा मृत्यू झाला होता. पोलो म्हणजे पेपरमिंटची गोळी नव्हे हं. सिंजेंटा या स्विस कंपनीचं, डायफेन्थ्युरॉन असलेलं कीटकनाशक.

फाइल पोचली बासेलला

इथून गोष्ट एकदम सातासमुद्रापार जाते, पण तिचा दुवा सरळ आहे. सिंजेंटाचं मुख्यालय बासेलमध्ये. 'पब्लिक आय' या स्विस संस्थेने २०१८ मध्ये यवतमाळच्या प्रकरणावर सविस्तर लिहिलं. डायफेन्थ्युरॉनची युरोपियन युनियनमधली मान्यता २००२ मध्येच गेली होती आणि स्वित्झर्लंडच्या बाजारातून ते २००९ मध्ये बाद झालं होतं. मात्र निर्यात चालू होती. आपल्या घरात नको, शेजाऱ्याकडे चालेल, असा हिशेब!

सप्टेंबर २०२० मध्ये यवतमाळच्या ५१ बाधितांच्या वतीने स्वित्झर्लंडमध्ये तक्रार दाखल झाली. त्याच महिन्यात फवारणीत नवरे गमावलेल्या दोन बायका आणि वाचलेला एक शेतकरी, अशा तिघांनी बासेलमध्ये भरपाईसाठी कायदेशीर पाऊल उचललं. महिना तोच का? कारण तिथल्या कायद्यात अशा दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे आणि ती संपत आली होती. समेटातून काही निघालं नाही, तेव्हा जून २०२१ मध्ये रीतसर दावा दाखल झाला. कंपनीने पोलोमुळे हे घडल्याचा आरोप फेटाळला, हेही इथे सांगायलाच हवं. टाकीत एकापेक्षा जास्त औषधं असतील, तर नेमकं कशाने काय झालं हे सिद्ध करणं अवघड असतं. म्हणूनच त्या हवालदाराची एक ओळ इतकी मोलाची.

मधल्या काळात एक गोष्ट मात्र घडली. ऑक्टोबर २०२० मध्ये स्विस सरकारने डायफेन्थ्युरॉनसह पाच कीटकनाशकांच्या निर्यातीवर बंदी घातली. ती १ जानेवारी २०२१ पासून लागू झाली. इकडे भारतात केंद्र सरकारने २०२३ मध्ये मोनोक्रोटोफॉसचं ३६ टक्क्यांचं द्रावण टप्प्याटप्प्याने बंद करायचा निर्णय घेतला. उशीर झाला, पण झालं.

शेवटचं पान

रहस्यकथेच्या शेवटच्या पानावर सगळे दिवाणखान्यात जमतात आणि डिटेक्टिव्ह एकाकडे बोट दाखवतो. यवतमाळचा दिवाणखाना फार मोठा आहे. अळी आहे, बियाणं आहे, पंप आहे, दुकानदार आहे, कंपनी आहे, तपासणीविना चालवलेलं हॉस्पिटल आहे. बोट एकाकडे दाखवून भागत नाही. पण या हौशी डिटेक्टिव्हांनी एक काम चोख केलं. 'फवारणीने मेला' या मोघम वाक्याला त्यांनी औषधाचं नाव, तारीख आणि पावती विचारली. मोघम मृत्यूला कुणीच जबाबदार नसतं. नाव असलेल्या मृत्यूबद्दल बासेलमध्येसुद्धा उत्तर द्यावं लागतं.

धामणगावला रेल्वे पकडायला निघाले, तेव्हा त्या मावशी अजून शेतातच होत्या. मी त्यांना विचारलं, रिकामा डबा ठेवाल का घरात, मुलांच्या हाताला लागणार नाही असा? आणि दुकानदाराकडून पक्कं बिल? "बिल मागतलं तं मनते, उधारीत कायचं बिल," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, "पोरगं फोटो काढते मोबाइलमंदी. त्याले सांगतो."

एका फोटोने जग बदलत नाही. पण कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला त्या फोटोतलं नाव दिसलं, तर पहिला प्रश्न तिथल्या तिथे सुटतो.

एवढं कराच!

हे फक्त शेतातलं नाही. आपल्या फ्लॅटमध्येही झुरळांचा स्प्रे, उंदरांचं औषध, पेस्ट कंट्रोल असतंच. कुणाला विषबाधा झाली, तर डबा किंवा पुडा सोबत घेऊन हॉस्पिटलमध्ये जा. नाही नेता आला तर लेबलचा फोटो काढा. औषध दुसऱ्या बाटलीत, विशेषतः कोल्ड्रिंकच्या बाटलीत, कधीच काढून ठेवू नका. दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या टोल-फ्री नंबरवर मार्गदर्शन करतं. नंबर आत्ताच सेव्ह करा. आणि गावाकडे काका-मामा फवारणी करत असतील, तर आज रात्री फोन लावून एकच प्रश्न विचारा. औषध कोणतं आणलंय?