एका आजारामागून दुसरा कोणता? उत्तर जुन्या नोंदींत!

मधुमेह सहसा एकटा राहत नाही. काहींना पुढे हृदयविकार होतो, काहींच्या किडनीवर किंवा डोळ्यांवर परिणाम होतो. पण कुणाला काय होईल, हे आधी कळू शकतं का?

डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाला ओळख क्रमांक असतो आणि १९७७ पासून रुग्णालयांतल्या नोंदी एकत्र ठेवल्या जातात. तिथल्या संशोधकांनी ६२ लाख रुग्णांच्या सुमारे १५ वर्षांच्या नोंदी संगणकाकडून तपासून घेतल्या. एक आजार झालेल्यांना दुसरा आजार त्याच वयाच्या इतर रुग्णांपेक्षा जास्त वेळा होतो का, हे पाहिलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आजारांचे असे १,१७१ क्रम सापडले.

ब्रिटनमध्ये तर डॉक्टर 'क्यूरिस्क' वापरतात. वय, रक्तदाब, मधुमेह, किडनीचा आजार अशी माहिती भरली की पुढच्या १० वर्षांत हार्ट अटॅक किंवा पक्षाघाताची शक्यता किती टक्के, ते कळतं.

त्यात 'भारतीय वंशाचे' असा वेगळा पर्यायही आहे. भारतीयांना तुलनेने कमी वजनातही मधुमेह होतो. म्हणजेच परदेशी नोंदींवरचा अंदाज आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही.

भारतात २०२१ पासून 'आभा' क्रमांकाने आरोग्याच्या नोंदी जोडता येतात. तरी अनेकांचे रिपोर्ट अजून घरातल्या पिशवीतच आहेत. ते फेकू नका, तारखेनुसार लावा आणि डॉक्टरांना दाखवा. अंदाज म्हणजे भविष्य नव्हे, पण वेळेत तपासणी करायला तो पुरेसा आहे.