बारावी झाली, आता वाचायला शिकवा

"पोरगं इंजिनीअरिंगला आहे हो सर, त्याला आता वाचायला काय शिकवायचं?"

भिलाईत हा प्रश्न मी गणपतीच्या मंडपात ऐकला आहे, सिव्हिक सेंटरला ऐकला आहे, आणि अलीकडे तो शिक्षकांच्या खोलीतही ऐकू येतो. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला पुस्तक कसं वाचायचं, अभ्यास कसा करायचा यासाठी आठवड्याला एक तास ठेवू या, असं कुणी नुसतं सुचवलं तरी पालकांना तो अपमान वाटतो आणि प्राध्यापकांना अभ्यासक्रम मागे पडण्याची धास्ती वाटते. वाचायला शिकणं पहिली-दुसरीत उरकलं. बारावीनंतरही ज्याला पुस्तक कळत नाही तो एक तर आळशी, नाही तर ढ. झालं, विषय संपला!

विषय तिथे संपत नाही, उलट सुरू होतो. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ला 'निपुण भारत' मोहीम सुरू केली. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधी गणितं करता यावीत, हे तिचं उद्दिष्ट. उद्दिष्ट योग्यच आहे. पण लोकांनी त्याचा सोयीचा अर्थ काढला, की तिसरीनंतर वाचनाचा प्रश्न शिल्लकच राहत नाही.

आपल्या मराठी घरांतलंच उदाहरण घेऊ. इथल्या पोलाद प्लांटच्या नोकरीसाठी विदर्भातून आलेल्या कुटुंबांतली, हिंदी किंवा इंग्रजी शाळेत शिकलेली मुलं गणपतीत पुस्तक समोर धरून अथर्वशीर्ष खडाखडा वाचतात. जोडाक्षरावर अडखळत नाहीत. आजी कौतुकाने बघत असते. आता त्यांना कुठल्याही एका ओळीचा अर्थ विचारा. देवनागरी ही उच्चाराशी प्रामाणिक लिपी आहे. अक्षरओळख पक्की असली की ती न कळणारी भाषासुद्धा वाचून देते. म्हणून तर आपण फसतो. खडाखडा वाचतो म्हणजे याला वाचता येतं, असं आपण धरून चालतो.

फिलिप गफ आणि विल्यम टनमर या दोघा अभ्यासकांनी १९८६ मध्ये ही गोष्ट एका साध्या सूत्रात बसवली. वाचून समजणं म्हणजे अक्षरांवरून शब्द ओळखणं गुणिले भाषा समजणं. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे. दोन्हींपैकी एक शून्यावर आलं की उत्तर शून्य. पहिला भाग प्राथमिक शाळेत बहुतेकांचा पक्का होतो. दुसऱ्यात शब्दसंपत्ती येते, वाक्यरचना येते, विषयाची आधीची माहिती येते. तो प्रत्येक नव्या विषयात, प्रत्येक नव्या भाषेत पुन्हा वाढवावा लागतो. दुसरीतल्या बाईंनी त्याची हमी कधीच दिली नव्हती.

आधीची माहिती किती मोलाची असते ते या गावात तरी समजावून सांगावं लागू नये. धातुशास्त्राच्या पुस्तकात ब्लास्ट फर्नेसवर एक परिच्छेद असतो: वरून लोहखनिज, कोक आणि चुनखडी टाकतात, खालून गरम हवेचा झोत सोडतात, कोक जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, तो खनिजातला ऑक्सिजन काढून घेतो, चुनखडी मळ गोळा करते आणि स्लॅग होते. ज्याचे बाबा कोक ओव्हनला ड्यूटी करतात, ज्याने लोहखनिज दल्ली-राजहराहून आणि चुनखडी नंदिनीहून येते हे जेवताना ऐकलं आहे, त्याला हा परिच्छेद एका दमात समजतो. जवळच्या धमधा किंवा पाटणकडच्या शेतकऱ्याच्या मुलीला त्याच परिच्छेदात सहा अनोळखी वस्तू भेटतात. मुलगी त्याच्याइतकीच हुशार आहे. तिला धानाच्या रोपणीवरचा परिच्छेद द्या आणि मग दोघांचे मार्क बघा. अमेरिकेत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये हेच बेसबॉलवरच्या मजकुरावर करून पाहिलं. वाचनात कच्ची ठरलेली पण खेळ माहीत असलेली मुलं, वाचनात पक्क्या पण खेळ माहीत नसलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली.

आता यात पुस्तकाची भाषा मिळवा. घरात मराठी, रस्त्यावर छत्तीसगढी, शाळेत हिंदी आणि कॉलेजात पहिल्याच दिवशी हातात इंग्रजी ग्रंथ. परक्या भाषेतला मजकूर कुणाच्या मदतीशिवाय नीट समजायचा तर त्यातले साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, असा हू आणि नेशन यांचा २०००चा निष्कर्ष आहे. चारशे शब्दांच्या पानावर आठ शब्द अडले तर निभतं. दर दहा शब्दांमागे एक अडला तर पानावर चाळीस वेळा शब्दकोश उघडावा लागेल. तो कोण उघडतो? मुलं पान बंद करतात आणि गाइड उघडतात. आपण त्याला आळस म्हणतो.

खरी गंमत तर ओळखीच्या शब्दांतच असते. उष्मागतिकीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की विलग प्रणालीची एन्ट्रॉपी कधीच घटत नाही. विद्यार्थी 'एन्ट्रॉपी' या भारदस्त शब्दाखाली रेघ मारतो आणि 'विलग' वरून सरळ घसरून जातो. मग फ्रिजमधल्या पाण्याचा बर्फ होताना पाण्याची एन्ट्रॉपी कमी होते, हे वर्गात सांगितलं की तो गोंधळतो, कारण त्याच्या वहीत एन्ट्रॉपी कधीच, कुठेच कमी होत नाही. नियमाचा सगळा भार त्या एका विशेषणावर होता. 'जोपर्यंत', 'तर आणि तरच', 'याउलट', 'वगळता' अशा शब्दांवर थांबायची सवय कुणी लावली नाही, तर ती आपोआप लागत नाही.

ही फक्त आपल्याकडच्या 'कमजोर' मुलांची कहाणी आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी जरा हार्वर्डला जाऊन यावं. ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी भिलाईच्या पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन केलं. त्याच वर्षी हार्वर्डचे विल्यम पेरी यांचा तिथल्या प्राध्यापकांसाठीचा एक अहवाल छापून आला. पेरींनी पहिल्या वर्षाच्या सुमारे १५०० विद्यार्थ्यांना इतिहासाच्या पुस्तकातलं तीसेक पानांचं एक प्रकरण वाचायला दिलं. थोड्या वेळाने त्यातल्या तपशिलावर पर्यायी प्रश्न विचारले, ते मुलांनी छान सोडवले. मग सांगितलं, हे प्रकरण नेमकं कशाबद्दल आहे ते थोडक्यात लिहा. जमलं किती जणांना? पंधरा. शंभरात एक! शेवटी सारांशाचा परिच्छेद छापलेला होता, पण उरलेल्यांनी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं आणि वाचतच राहिले. कशासाठी वाचतो आहोत हे ठरवावं, मथळे आणि शेवट आधी चाळावा, असं त्यांना सुचलंच नाही. ही अमेरिकेतली निवडक पोरं. त्यांना वाचनाचा वर्ग लागतो, आणि आपल्याला तो अपमान वाटतो.

इकडचं चित्र बघायचं तर 'प्रथम' संस्थेच्या असर अहवालाकडे जावं लागतं. २०२३च्या पाहणीत २८ ग्रामीण जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वयाच्या ३४,७४५ मुलामुलींना तपासलं. त्यातली साधारण एक चतुर्थांश मुलं आपल्याच प्रादेशिक भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचू शकत नव्हती. आणि याच वयोगटातली ८६.८ टक्के मुलं शाळेत किंवा कॉलेजात दाखल होती. भिलाई टाउनशिप म्हणजे ग्रामीण जिल्हा नव्हे, कबूल. पण दुर्ग-भिलाईच्या कॉलेजांत बालोद, बेमेतराकडून रोज बसने, लोकलने येणारी मुलं बघितली की हा आकडा परका वाटत नाही.

टाउनशिपमधली मुलं तरी सुटली का? हे कोचिंगचं गाव. सेक्टरांतल्या शाळांतून आयआयटीला जाणाऱ्यांची इथे जुनी परंपरा, आणि २०१६ पासून तर आयआयटीच गावाच्या नावाने. पण दोन वर्षं मॉड्यूल आणि शीट सोडवणाऱ्या मुलाने त्या काळात एक तरी प्रकरण सलग वाचलेलं असतं का? गणित सोडवण्यात तो वाघ असतो. चाळीस पानं वाचून त्यातला युक्तिवाद सांगायची वेळ आली की तोही धमध्याच्या मुलीच्या शेजारी येऊन बसतो. कोचिंगची एक गोष्ट मात्र अगदी बरोबर होती, ती म्हणजे दर आठवड्याची टेस्ट. नेमकी तीच कॉलेजात आल्यावर मुलं आनंदाने सोडून देतात.

इथे दुसरा गैरसमज येतो, पहिल्याचाच धाकटा भाऊ: समजलं नाही तर पुन्हा वाच, पुन्हा पुन्हा वाच. हा सल्ला आपल्या प्रत्येकाच्या वडिलांनी दिलेला आहे, त्यामुळे त्याला हात लावणं जड जातं. पण रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६चा प्रयोग बघाच. कॉलेजच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत सरासरी चौदा वेळा वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात तीन-चार वेळा वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत कागद बाजूला ठेवून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ विरुद्ध ७१ टक्के. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. आदल्या रात्रीचं वाचन 'कामाला येतं' असं का वाटतं आणि तेच पुढच्या सेमिस्टरला हवेत का विरतं, दोन्हींचं उत्तर या आकड्यांत आहे. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचं झालं म्हणजे येतं अशी मनाची समजूत होते.

रोडिगर आणि कार्पिक यांच्या त्याच विद्यापीठातल्या २००९च्या पाहणीत १७७ विद्यार्थ्यांना विचारलं, अभ्यास कसा करता? ८४ टक्क्यांनी पुन्हा वाचणं सांगितलं. स्वतःला आठवून बघतो असं म्हणणारे जेमतेम ११ टक्के. परिणामकारक पद्धत कुणालाच आपोआप सुचत नाही, म्हणून ती शिकवायची. आणि त्यात नवीन काहीच नाही. आधी चाळा, प्रश्न काढा, वाचा, पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत सांगा, नंतर तपासा, ही पाच पायऱ्यांची रीत फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ साली पुस्तकात लिहून ठेवली आहे. मुलं यातली फक्त तिसरी पायरी करतात.

'हुशारी असेल तर या सवयींची गरज काय?' असा एक उपप्रश्न हमखास येतो. क्रेडे आणि कुन्सेल यांनी २००८ मध्ये कितीतरी जुने अभ्यास एकत्र करून दाखवलं की कॉलेजातल्या गुणांचा अंदाज देण्यात अभ्यासाच्या सवयी आणि कौशल्यं ही प्रवेशपरीक्षेच्या आणि आधीच्या गुणांच्या तोडीस तोड ठरतात.

बाकीचे किरकोळ गैरसमज भराभर उरकतो. 'माझा मुलगा बघून शिकणारा आहे, त्याला वाचून जमत नाही': पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या 'शिकण्याच्या शैली'च्या सिद्धान्ताची छाननी केली, आणि शैलीप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा सापडला नाही. हायलायटर: डनलॉस्की आणि सहकाऱ्यांच्या २०१३च्या आढाव्यात रंगवणं आणि पुन्हा वाचणं दोन्ही तळाच्या श्रेणीत, स्वतःची चाचणी आणि अंतराने उजळणी वरच्या. मिनिटाला हजार शब्दांचे शीघ्रवाचन कोर्स: प्रौढ माणूस इंग्रजी माहितीपर मजकूर सरासरी २३८ शब्दांच्या वेगाने वाचतो, त्याच्या कितीतरी पट वेग म्हणजे चाळणं, पैसे देऊन. मोबाइलवरची पीडीएफ: चालेल, पण माहितीपर मजकूर घाईत वाचायचा असेल तर कागद बरा, असं ५४ अभ्यासांचं २०१८चं एकत्रित विश्लेषण सांगतं. रात्रभर जागरण: झोपेत आठवणी पक्क्या होतात, तेव्हा काय गमावता ते तुम्हीच बघा.

'घरात मराठी बोललं की इंग्रजी कच्चं राहतं' याला मात्र एका ओळीत सोडवत नाही. जिम कमिन्स यांचं म्हणणं असं, की नव्या भाषेत गप्पा मारायला दोनेक वर्षं पुरतात, पण अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात लागतात, आणि एका भाषेत कमावलेली समजून वाचण्याची ताकद दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते. म्हणजे मराठीत अग्रलेख वाचून त्यातला मुद्दा सांगता येणारी मुलगी इंग्रजी प्रकरणापुढे तितकी निराधार नसते. इथून जवळच राजनांदगावच्या दिग्विजय कॉलेजात १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध शिकवत होते. घरची भाषा मराठी, सगळी कविता हिंदीत. आई-वडिलांनी मराठी बंद करून इंग्रजी सुधारल्याचं उदाहरण मी अजून शोधतो आहे.

शेवटचा गैरसमज स्टाफरूममधला: हे काम इंग्रजीच्या शिक्षकाचं. इंग्रजीच्या शिक्षकाला 'विलग' शब्दाचं महत्त्व कुठून कळणार? ते उष्मागतिकी शिकवणाऱ्यालाच दाखवता येतं. त्यासाठी वेगळं पद नको, वेगळा निधी नको. पहिल्या महिन्यात प्रत्येक विषयाच्या तासातली दहा मिनिटं द्यायची. पुस्तकाचं एक पान उघडायचं. व्याख्या कुठली, उदाहरण कुठलं, अट कुठे लपली आहे ते मुलांना शोधायला लावायचं. मग पुस्तकं मिटवायची आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहून घ्यायचं. मार्क द्यायचे नाहीत.