गावच्या घरामागचा डोंगर

मीरा रोडच्या नयानगरमध्ये आमच्यासारखी बरीच कोकणी कुटुंबे राहतात. एक घर इथे, दुसरे महाड-चिपळूणकडच्या गावात. जुलैत पावसाने जोर धरला की आम्ही गावी फोन लावतो आणि विचारतो, "नदीला पाणी किती चढलंय?" घरामागच्या डोंगराचे विचारायचे मात्र राहून जाते.

काश्मीरमध्ये हिमवादळात ताज्या बर्फाचा थर खालच्या कच्च्या थरावरून निसटतो आणि हिमकडा कोसळतो. सह्याद्रीत बर्फ नाही, पण कातळावर मातीचा जाड थर आहे. सलग मुसळधार पावसाचे पाणी त्यात मुरते, माती जड होते, तिची पकड सुटते आणि उतार खाली येतो. घरासाठी डोंगर खणला असेल किंवा ओहोळ बुजवला असेल, तर धोका वाढतो.

२००५ च्या जुलैत महाड तालुक्यातील दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन या गावांवर दरडी कोसळल्या. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाडले गेले. २२ जुलै २०२१ रोजी महाडच्याच तळियेत ८० हून अधिक जीव गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरजवळची इर्शाळवाडी झोपेत सापडली.

डोंगर बऱ्याचदा आधी खुणा दाखवतो. उताराला नव्या भेगा पडतात, झाडे आणि विजेचे खांब कलतात, दारे-खिडक्या अडकू लागतात, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होते किंवा आटते. यातले काही दिसले तर सामान आवरत बसू नये. उताराच्या वाटेतून बाजूला, सपाट जागी जावे आणि ११२ वर कळवावे. मशिदीच्या भोंग्यावरून सांगितले तर सारा मोहल्ला सावध होतो.

आमच्या दादी घर सोडायला तयार नव्हत्या. म्हणायच्या, "एवढी वर्षं हलला नाही, आता काय हलणार?" आम्ही म्हटले, "दादी, तळियेच्या लोकांनाही त्यांचा डोंगर ओळखीचाच होता." त्या गप्प झाल्या. अखेर ठरले, की रेड अलर्टच्या रात्री त्या सपाटीवरच्या चाचींकडे झोपायला जातील.

यंदा गावी फोन कराल तेव्हा नदीआधी डोंगराचे विचारा. आणि आपली माणसे रात्री कुठे झोपणार, हे पाऊस लागण्याआधीच ठरवून टाका.