समुद्रकाठच्या खडकात गोडं पाणी

दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर महाराष्ट्र सदन आहे. तिथून जवळची रायसीना टेकडी हा अरवलीचाच फाटा. तिच्यातला क्वार्टझाइट शंभर कोटी वर्षांहून जुना आहे. त्यात शंखशिंपले शोधायला जाऊ नये; तो खडक घडला तेव्हा पृथ्वीवर कवच असलेला प्राणीच नव्हता.

दगडातले शंख आणि पानं बघायची, तर हे सदन ज्या राज्याचं आहे तिथल्या कातळात बघावीत. पण हा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. हजार अंशांहून तप्त रसात पान टिकलं कसं?

टिकलं, कारण लाव्हा सलग वाहिला नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी त्याचे पूर एकामागून एक येत होते आणि मध्ये मोठी उसंत मिळत होती. निवलेल्या कातळावर पाऊस पडला, खळग्यांत तळी साचली, काठाला झाडं उगवली, पाण्यात गोगलगायी आल्या. पुढचा पूर आला आणि तळं गाळासकट गाडलं गेलं. पाण्यात विरघळलेली सिलिका गाळात झिरपली. काही ठिकाणी लाकडाच्या पेशीसुद्धा जशाच्या तशा दगड झाल्या.

मुंबईत वरळीच्या टेकडीत असाच गाळाचा थर सापडला. 'डायनोसॉर' हे नाव देणाऱ्या रिचर्ड ओवेन यांनी 1847 मध्ये तिथल्या इवल्याशा बेडकाचं वर्णन केलं. त्याच थरांतल्या कासवाचं वर्णन हेन्री कार्टर यांनी 1852 मध्ये केलं. सोबत वनस्पतींचे अवशेष आणि दोन झडपांच्या कवचात राहणारे, टाचणीच्या टोकाएवढे सायप्रिसही मिळाले. हे सगळे गोड्या पाण्याचे रहिवासी! आज जिथं अरबी समुद्राच्या लाटा आपटतात, तिथं तेव्हा बेडकांचं तळं होतं.

नागपूरला स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सीताबर्डी आणि टाकळीचे असे थर धुंडाळले. टाकळीला फळं आणि बिया मिळाल्या. या थरांतला नामांकित शंख म्हणजे फायसा. त्याचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरलं, तर तोंड डावीकडे येतं. बहुतेक शंखांचं ते उजवीकडे असतं, म्हणून मोडका तुकडाही ओळखू येतो. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज याच हिस्लॉप यांच्या नावाचं.

वरळीचा तो भाग आता इमारतींनी व्यापला आहे, पण विदर्भात विहिरी खोदताना, रस्त्यासाठी टेकडी कापताना असे थर अजूनही उघडे पडतात. काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये लाल पट्टी दिसली, तर ती बहुधा भाजलेली माती असते. करडी किंवा पांढुरकी पट्टी दिसली, तर मात्र थांबा आणि नीट निरखा. शंख दिसला तर उचलू नका. फोटो काढा, जागा टिपून ठेवा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला कळवा.