घरगुती ब्रॉडबँड मोडेम : जोडणी, मांडणी व निगा

मुंबई उपनगर जिल्ह्याचा उल्लेख होताच डोळ्यांपुढे येतात त्या अंधेरीच्या औद्योगिक वसाहती, घाटकोपरच्या टेकडीवरील चाळी आणि मुलुंड-बोरिवलीच्या उंच इमारती. तथापि १९४९ साली स्थापन झालेली आरे दुग्ध वसाहत याच जिल्ह्यात आहे, तिच्या परिसरातील आदिवासी पाड्यांवर आजही भात व भाजीपाला होतो आणि बोरिवली तालुक्यातील गोराई-मनोरीकडे गावपण अगदीच सरलेले नाही. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, साताऱ्याच्या, रत्नागिरीच्या किंवा जुन्नरच्या शेतकऱ्याचा एखादा भाऊ अथवा मुलगा बहुधा या उपनगरांतच नोकरीस असतो. डिजिटल सातबारा काढावयाचा, महाडीबीटीवर ठिबक संचासाठी अर्ज भरावयाचा किंवा वाशीच्या बाजारातील कांद्याचा भाव पाहावयाचा, तर पुष्कळदा हे काम त्या उपनगरातील घरी होते. अर्जाच्या शेवटच्या दिवशी तेथील मोडेमवर तांबडा दिवा लागला की त्याची झळ गावच्या शेतापर्यंत पोहोचते.

ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूची तार नेण्याची केंद्र शासनाची योजना २०११ साली मंजूर झाली व पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. त्या तारेच्या टोकाशी बसते ते यंत्रही उपनगरातील घरच्या यंत्राच्याच जातीचे असते. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या यंत्राची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

तांब्याच्या तारेपासून काचेच्या तंतूपर्यंत

मोडेम हा मूळचा जोडशब्द आहे. संगणकाची भाषा तारेतून जाईल अशा लहरींत बदलणे आणि आलेल्या लहरींतून ती पुन्हा वेगळी काढणे, ही दोन्ही कामे एकच यंत्र करते म्हणून हे नाव पडले. महानगर टेलिफोन निगमने २००५ साली मुंबईत ट्रायबँड या नावाने ब्रॉडबँड सेवा सुरू केली ती टेलिफोनच्या जुन्या तांब्याच्या तारेवरूनच. बोलणे खालच्या लहरींवर व इंटरनेट वरच्या लहरींवर, अशी एकाच तारेची वाटणी केलेली असे. घरात एक लहानशी डबी ही वाटणी करी. ती न बसविता मोडेम जोडला की फोनमध्ये खरखर ऐकू येई. त्या काळच्या मोडेममध्ये दोन अंक भरावे लागत. मुंबईत ते ० व ३२ होते, तर भारत संचार निगमच्या क्षेत्रात ० व ३५. गावाकडचा मोडेम पिशवीतून मुलुंडला आणून जोडणाऱ्यास यंत्र चांगले असूनही इंटरनेट मिळत नसे, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असे.

ब्रॉडबँड कशास म्हणावे हेही या काळात बदलले. २००४ च्या धोरणात सेकंदास २५६ किलोबिट हा किमान वेग धरला होता. तो २०१३ मध्ये ५१२ किलोबिट व २०२३ मध्ये २ मेगाबिट झाला. येथे एक खुलासा आवश्यक आहे. कंपनीच्या जाहिरातीतील वेग मेगाबिटमध्ये असतो आणि संगणकावरील फाइलचे आकारमान मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदास फार तर साडेबारा मेगाबाइट उतरतात. यात कोणी फसवणूक केलेली नसते; शेर आणि पायली यांतला फरक जसा, तसाच हा आहे.

तांब्याच्या तारेचा मोठा शत्रू म्हणजे पाणी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. अशा पावसात जमिनीखालील सांध्यांत पाणी शिरते आणि तार तुटलेली नसतानाही बोलणे व इंटरनेट दोन्ही बिघडतात. काचतंतूस ही बाधा होत नाही, कारण त्यातून वीज वाहत नाही, प्रकाश वाहतो. एकाच तंतूतून १४९० नॅनोमीटर लांबीची प्रकाशलहर घराकडे येते व १३१० नॅनोमीटरची परत जाते. दोहोंची जात निराळी असल्याने त्या एकमेकींस अडवीत नाहीत. डोळ्यांना मात्र यांपैकी एकही दिसत नाही, आणि म्हणूनच उघड्या तंतूच्या टोकात डोकावून पाहण्याचा मोह मुलांनी व मोठ्यांनीही टाळावा.

दिव्यांची भाषा

बिघाड झाला की बहुतेक घरांत प्रथम यंत्र बंद करून पुन्हा चालू केले जाते. त्यात गैर काही नाही. परंतु तत्पूर्वी समोरचे दिवे पाहून ठेवावेत. पाट कोरडा पडला तर शेतकरी वाफ्यातले दार उकरीत बसत नाही. तो आधी वर जाऊन चारीला पाणी आहे किंवा नाही ते पाहतो. येथेही तोच क्रम धरावा.

'लॉस' असे लिहिलेला तांबडा दिवा लागला किंवा उघडझाप करू लागला, तर बाहेरून प्रकाशच येत नाही असे समजावे. अशा वेळी मोडेममध्ये कोणताही बदल करणे व्यर्थ होय. तंतू कोठे दुमडला आहे काय, कपाट सरकविताना चेपला आहे काय, टोकाचा खटका ढिला झाला आहे काय, एवढे पाहावे व कंपनीस कळवावे. 'पॉन' या नावाचा दिवा हिरवा परंतु उघडझाप करणारा असेल तर प्रकाश येत आहे, पण पलीकडच्या यंत्राने या यंत्रास अद्याप ओळखलेले नाही. तोच दिवा स्थिर असून इंटरनेट नसेल, तर दोष बहुधा खातेनाव, परवलीचा शब्द किंवा थकलेले बिल यांपैकी कशात तरी असतो. आणि तारेने जोडलेल्या संगणकावर सर्व ठीक चालत असून केवळ मोबाइलवर अडचण असेल, तर दोष घरातल्या वाय-फायचा आहे. कंपनीस दोष देऊ नये.

प्रकाश किती येतो हे पुष्कळ यंत्रांच्या माहितीपानावर आकड्यात दिसते. हा आकडा ऋण असतो व त्याचे माप डीबीएम या नावाने दिलेले असते. उणे ८ ते उणे २७ यांमध्ये तो असावा. उणे १८-२० म्हणजे उत्तम. उणे २७ च्या खाली घसरू लागला की जोडणी मधूनमधून तुटते. तक्रार नोंदविताना हा आकडा सांगितल्यास 'यंत्र बंद करून चालू करा' हे उत्तर सहसा मिळत नाही. खटक्यांचे हिरवे व निळे असे दोन प्रकार असतात. हिरव्याचे टोक किंचित तिरके घासलेले असते, म्हणून हिरवा खटका निळ्या जोडात बसवू नये. तो बसल्यासारखा दिसतो, पण प्रकाश वाया जातो.

मांडणी

प्रथम मांडणी तारेनेच करावी. मोडेमच्या पिवळ्या किंवा काळ्या खोबणीतून संगणकास तार जोडावी, ब्राउझर उघडावा आणि यंत्राच्या पाठीवर किंवा तळाशी चिकटविलेल्या चिठ्ठीवरील पत्ता इंग्रजी अंकांत भरावा. पुष्कळ यंत्रांत तो १९२.१६८.१.१ असा असतो. हा पत्ता बाहेरच्या जगातला नव्हे, घरातल्या घरातला आहे. म्हणून इंटरनेट बंद असतानाही हे पान उघडते. चिठ्ठीवरील नाव व परवलीचा शब्द देऊन आत जाता येते.

आत गेल्यावर सर्वप्रथम व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द बदलावा. हे काम 'नंतर पाहू' म्हणून सोडले जाते आणि कायमचे राहून जाते. ब्राझील देशात २०११ च्या सुमारास सुमारे ४५ लक्ष घरगुती मोडेममध्ये परक्यांनी शिरून एकच बदल केला. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा खरा पत्ता सांगणारी जी डीएनएस नावाची सेवा असते, तिच्या जागी त्यांनी आपली सेवा घातली. घरमालक आपल्या बँकेचे नाव बरोबर लिहीत, आणि उघडे ते बनावट पान. संगणकात कोठेही दोष नसे; दोष भिंतीवरच्या पेटीत असे. पीएम-किसानचा हप्ता ज्या खात्यात जमा होतो त्या खात्याचे काम ज्या मोडेमवरून चालते, तो किती जपावा हे यावरून ध्यानी येईल. बाहेरून मोडेमच्या पानावर येण्याची सोय, म्हणजे दूरस्थ व्यवस्थापन, कंपनीस आवश्यक नसेल तर बंद ठेवावी.

त्यानंतर वाय-फाय. जाळ्यास नाव देताना आडनाव किंवा खोलीक्रमांक घालू नये. सुरक्षेच्या प्रकारात डब्ल्यूपीए-२ निवडावा. यंत्रात डब्ल्यूपीए-३ असल्यास अधिक चांगले. परवलीचा शब्द निदान बारा अक्षरांचा असावा व त्यात मोबाइल क्रमांक नसावा. चाळीत शेजाऱ्याचा मोबाइल क्रमांक सर्वांस पाठ असतो. डब्ल्यूपीएस ही बटणाने वा आठ अंकांच्या संकेताने जोडणी करण्याची सोय बंद करावी. तो संकेत दोन तुकड्यांत तपासला जात असल्याने अवघ्या अकरा हजार प्रयत्नांत सापडू शकतो, हे २०११ मध्येच उघड झाले आहे. पाहुण्यांसाठी निराळे जाळे ठेवण्याची सोय असेल तर तिचा अवश्य उपयोग करावा. गावाहून आलेल्या पुतण्यास इंटरनेट नाकारणे शोभत नाही, पण त्यासाठी घरच्या संगणकाचे दारही उघडे ठेवण्याचे कारण नाही.

खुले वाय-फाय ठेवल्याने काय ओढवते याचा अनुभव मुंबईच्या परिसराने घेतला आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्यांच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांना धमकीचे ई-पत्र गेले होते. तपास नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घरापाशी आला. तेथील वाय-फाय सुरक्षित नव्हते व त्याचाच उपयोग करण्यात आला होता. ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या एका महाविद्यालयाचे आणि १३ सप्टेंबरच्या दिल्लीतील स्फोटांच्या वेळी चेंबूरच्या एका कंपनीचे जाळे असेच वापरले गेले. घरातील दहा मोबाइल बाहेरच्या जगास निरनिराळे दिसत नाहीत. सर्वांच्या वतीने मोडेमचा एकच पत्ता दिसतो. त्यामुळे गैरकृत्य कोणीही केले तरी पोलीस प्रथम त्या जोडणीच्या मालकाच्याच दारी येतात. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याविषयी सूचना काढल्या त्या या घटनांनंतरच.

मोडेमच्या मागे एक बारीक छिद्र असते. त्यात टाचणी घालून सुमारे दहा सेकंद दाबल्यास यंत्र कारखान्यातून निघाल्यासारखे कोरे होते. हा उपाय अनेकांस ठाऊक असतो, त्याचा परिणाम मात्र ठाऊक नसतो. वाय-फायच्या नावाबरोबर कंपनीने भरलेले खातेनाव, परवलीचा शब्द व मार्गाचा क्रमांकही पुसला जातो आणि चालू जोडणी पूर्ण बंद पडते. म्हणून जोडणी होताच हे सर्व तपशील कंपनीच्या माणसाकडून मागून वहीत उतरून घ्यावेत. वही रेशनकार्डाशेजारी ठेवावी. मोडेमवर चिकटवू नये.

जागा, वीज व पाऊस

काँक्रीटची भिंत, लोखंडी कपाट, मोठा आरसा व पाण्याची टाकी ही चारही वाय-फायची लहर अडवितात. मोडेम दाराच्या मागे वा शोकेसच्या खाली लपविण्याची उपनगरी घरांतील रीत यामुळेच चुकीची आहे. तो घराच्या मध्याजवळ, डोक्याइतक्या उंचीवर असावा. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतींतून दूरवर जाते, पण चाळीत तिच्यावर फार गर्दी होते. तेथे १, ६ व ११ या तीनच वाहिन्या एकमेकींवर न चढणाऱ्या आहेत. शेजारी कोणती वापरतात ते मोबाइलवर पाहून तिसरी निवडावी. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण दोन भिंतींपुढे ती टिकत नाही. लांब घरात दुसरा राउटर जोडावयाचा असल्यास दोहोंचा घरगुती पत्ता एकच नसल्याची खात्री करावी. अन्यथा दोन्ही यंत्रे एकाच नावाच्या दोन गड्यांप्रमाणे हाकेला धावतात आणि काम कोणाचेच होत नाही.

अडॅप्टर मूळचाच वापरावा. बहुतेक यंत्रांस १२ व्होल्ट लागतात. खुंटी बसली म्हणून दुसऱ्या यंत्राचा अडॅप्टर लावू नये. काचतंतूतून वीज शिरत नसली तरी अडॅप्टरच्या वाटेने ती शिरते. म्हणून विजांच्या कडकडाटात प्लग काढून ठेवावा. उपनगरांत हा धोका मान्सूनच्या आरंभी व परतीच्या पावसात अधिक असतो. वीज वारंवार जाते अशा ठिकाणी मोडेमपुरता १२ व्होल्टचा लहान यूपीएस बसविला तर अर्ज अर्धवट राहत नाही.

गोठ्यावर किंवा पंपाच्या खोलीत कॅमेरा लावून तो दुरून पाहू इच्छिणाऱ्यांनी एक चौकशी आधी करावी. अनेक कंपन्या शेकडो घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देतात. अशा जोडणीवर मोडेममध्ये कितीही मार्ग उघडले तरी बाहेरून कॅमेऱ्यापर्यंत थेट पोहोचता येत नाही. स्वतंत्र पत्ता मिळतो काय आणि त्यास किती आकार पडतो, हे कंपनीस विचारावे, किंवा स्वतःहून बाहेर जोडणी करणारा कॅमेरा घ्यावा. कॅमेऱ्याचा कारखान्यातील परवलीचा शब्दही मोडेमप्रमाणेच पहिल्या दिवशी बदलावा. पैशाची फसवणूक झाल्याचे आढळल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.