शंभर युनिटांची धास्ती आणि हक्काचे पंधराशे

सांगली-साताऱ्याच्या साखर कारखान्यांतून निवृत्त झालेले कितीतरी कामगार ईपीएस-९५ च्या पेन्शनवर दिवस काढतात. तिची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपयेच आहे. एवढ्यात भागवणाऱ्याला ऐकीव माहिती फार महागात पडते.

सगळ्यात पक्का गैरसमज लाईटबिलाचा. मीटर शंभरच्या पुढे गेला की सगळेच युनिट वाढीव दराने लागतात, असं समजून भर उन्हाळ्यात पंखा बंद ठेवला जातो. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत. ११० युनिट झाले तर पहिले १०० पहिल्याच दराने, वरचे १० तेवढे पुढच्या दराने. तो दर दुपटीहून जास्त आहे, हे खरं. पण तो दहाच युनिटांना लागतो. रीडिंग राहून दोन महिन्यांचं बिल एकदम आलं, तर स्वस्त टप्पाही २०० युनिटांचा धरायला हवा. तो धरलाय ना, हे बिलावर जरूर बघा. नसेल तर महावितरणच्या कार्यालयात तक्रार द्या.

‘वीज आता माफ झाली’ हेही अर्धवट. २०२४ ची माफी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना आहे, घरच्या मीटरला नाही. मुंबईला मुलाकडे गेलात, घराला कुलूप असलं, तरी स्थिर आकार येतोच.

‘नोव्हेंबर हुकला, पेन्शन गेली’ ही भीती ईपीएसवाल्यांनी सोडावी. त्यांचा हयातीचा दाखला वर्षात केव्हाही देता येतो आणि दिल्या दिवसापासून वर्षभर चालतो. राबून बोटांचे ठसे झिजले असतील, तर मोबाईलवर चेहरा दाखवूनही काम होतं. दाखल्याअभावी थांबलेली पेन्शन तो दिल्यावर थकबाकीसह सुरू होते.

श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये मात्र पासष्टी उलटली म्हणून आपोआप येत नाहीत. लाडकी बहीण पासष्टीला थांबते, पण तिथून कुणी श्रावणबाळमध्ये नाव घालत नाही. तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत अर्ज स्वतःच करावा लागतो.

त्यासाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० रुपयांच्या आत हवं, म्हणजे महिन्याला १,७५०. माण-जतसारख्या दुष्काळी तालुक्यात मजुरीला जाणारं घरही ही मर्यादा ओलांडतं. अनुदान २०२३ मध्ये हजारावरून पंधराशे झालं. ही मर्यादाही तेव्हाच वाढायला हवी होती.